सौंदडच्या वळणावरचा फोटो

माह्या देवराच्या लग्नाचा एकच फोटो आहे, आन त्यात नवरी नाही. इंजिन आहे. सौंदडच्या फलाटावर शामकला नव्या लुगड्यात, मुंडावळ्या बांधून उभी, डोक्यावर ऊन, पायाखाली तापलेली गिट्टी. नवरदेव स्वतःच कॅमेरा लावून राहिला होता, कारण दुसऱ्याच्या हाती तो देणार नाही. फोटोची काचेची प्लेट एकच उरली होती. तेवढ्यात गोंदियाकडून गाडी शिट्टी देत आली, आन या बाप्पानं कॅमेरा फिरवला. वरून म्हणते कसा, "शामकला तर आता घरीच राहणार आहे. हे इंजिन पुन्हा कवा येईल, कोण जाणे." शामकलेनं त्या दिवशी तोंड फुगवलं ते पोळ्यापर्यंत उतरलं नाही. मी असती तर कॅमेऱ्यासकट रुळावर ढकलला असता.

मी कुंदाबाई, उमरावची मोठी वयनी. मी त्याले भाऊजी म्हणायची, राग आला की नुसता उमऱ्या. आमचं गाव सौंदड स्टेशनापासून कोसभर, आन आमची जात तलावाची. आमच्या आज्या-पणज्यांनी तलाव खोदले, काठाले मातीच्या पाळी घातल्या, पाट काढले. पाणी कुठून येते आन कुठं जाते हे ज्याले कळत नाही, त्याले आमच्यात पोरगी देत नाहीत. माह्या घरधन्याचं नाव मनिराम. घ्या, घेतलं नाव! आता ते राहिले नाहीत, रागावणार कोण? मनिराम म्हणजे फावड्याले जडवलेला माणूस. रस्त्यानं चालताना चाकोरीत पाणी तुंबलेलं दिसलं तर पायाच्या अंगठ्यानं त्याले वाट करून देणार. पंगतीत पत्रावळीवरचं वरण एका बाजूनं पळालं तर आधी भाताची पाळ घालणार, मग घास घेणार. पाणी वाया गेलं की याचा जीव जाते.

आन सख्खा भाऊ असा! उमरावच्या हाती फावडं दिलं की तो त्याच्यावर हनुवटी टेकून गाडीची वाट पाहायचा. शेवटी गोंदियाले पळाला आन नंदलालच्या स्टुडिओत राहिला. नंदलाल रायपूरकडचा, हिंदी बोलणारा, पोट सुटलेला, पण मनाचा चांगला. गिरणीवाले शेठ, त्यांच्या बायका, व्याही-विहिणी, सगळे त्याच्याकडे खुर्चीवर बसून फोटो काढायले यायचे. उमराव काम शिकला झटपट. पण शेठले खुर्चीवर बसवायचा, काळ्या कापडात डोकं घालायचा, तिकडं स्टेशनात शिट्टी झाली की कापडातून डोकं काढून पळायचा. शेठ तसाच श्वास कोंडून बसलेला.

"अबे, सेठ मर जाएगा वहाँ!" नंदलाल ओरडायचा.

मी एकदा विचारलं, "भाऊजी, माणसं काऊन नाही आवडत तुम्हाले फोटोत?"

"शेठ कॅमेरा पाह्यला की पोट आत ओढते वयनी. इंजिन नाही ओढत."

आता याले काय बोलावं? गाढवाले गुळाची चव काय म्हणतात, इथं गाढव कोण आन गूळ कोण हेच मले कळेना.

एका चैत्रात आम्ही महाकालीच्या जत्रेले चांद्याले निघालो. मी, शामकला आन हा. गोंदियाहून चांद्याची ती छोटी लाईन, डबे खेळण्यातले. चढ आला की इंजिन असा दम खाते की बाया उतरून मोहफुलं वेचून पुन्हा चढतात. उगाच नाही सांगत, मी स्वतः ओटीभर वेचली आहेत. हा मात्र दर स्टेशनाले उडी मारून इंजिनापाशी. अर्जुनीले, वडशाले, नागभीडले, सगळीकडं ड्रायव्हर लोकं याले ओळखत. "आओ फोटोग्राफर!" म्हणून हात करत. जागेश्वर नावाचा ड्रायव्हर तर याच्यासाठी इंजिनाचं पितळ पुसून ठेवायचा.

पण उभ्या इंजिनाचा फोटो याले पसंत नव्हता. म्हणे तो मेलेल्या वाघाचा फोटो. याले पाहिजे चालतं इंजिन, तेही आपण त्याच गाडीत बसून काढलेलं. मग काय, शेवटच्या डब्यात बसायचं, रूळ वळला की कमरेपर्यंत खिडकीबाहेर लोंबकळायचं, म्हणजे पुढचं इंजिन आडवं दिसते. "वयनी, माह्या धोतराचा काष्टा धरा घट्ट," म्हणाला. मी धरला. वळण आलं, गाडीले हिसका बसला, देवर बाहेर आन धोतर माह्या हाती. डब्यातल्या बाया पदरात तोंड घालून हसून राहिल्या. शामकलेनं लाजून डोळे मिटले. आन हा तसाच लंगोटीवर लोंबत ओरडला, "आलं वयनी, आलं!" काय आलं होतं? धुतल्यावर पाहिलं तर धूर, पळसाचं झाड आन पुढच्या डब्यातली एक म्हातारी पानाची पिचकारी टाकून राहिलेली. याचे बहुतेक फोटो असेच. मी महाकालीले नवस केला की माय, याचा एक तरी फोटो धड येऊ दे, म्हणजे हे खूळ सुटेल.

हसण्यावारी नेण्याचं एवढंच. त्या रेल्वेनं आमचा गळा धरला होता, तेही ऐका. आमच्या तलावाले पाणी यायचं ते वरच्या जंगलातून. रेल्वेवाल्यांनी मधून मातीचा बांध घातला, त्याच्यावर रूळ टाकले, आन पाण्यासाठी मोरी ठेवली ती एवढीशी, तीही उताराच्या भलत्याच टोकाले. पावसाळ्यात बांधाच्या वरच्या अंगाले आमचा रोवणा, म्हणजे चिखलात लावलेलं धान, बुडायचा आन खालच्या अंगाले आमचाच तलाव कोरडा राहायचा. दोन्हीकडून मरण. दरसाल मनिराम अख्खं गाव घेऊन बांधाच्या कडेनं लांब चर खोदायचा आन तुंबलेलं पाणी त्या पोरक्या मोरीपर्यंत न्यायचा. तोवर अर्धा रोवणा सडलेला. रेल्वेच्या साहेबाले विनवून थकलो. साहेब यायचा हिवाळ्यात, डब्यातल्या डब्यात चहा प्यायचा, खिडकीतून पाहायचा आन म्हणायचा, "पानी किधर है?" पौषात पाणी कुठून दाखवावं त्याले? घागर घेऊन उभं राहावं का?

बेचाळीसच्या आषाढात उमराव गावी आला तो नवंच डोकं घेऊन. मारुतीच्या पारावर सगळ्यायले बसवून म्हणाला, "मी फोटो काढतो. चालती गाडी, इंजिनावरचा नंबर, आन बाजूले रुळापर्यंत पाणी, सगळं एकाच फोटोत. मग साहेब कसा नाही म्हणते? वळणावर जागेश्वर गाडी हळू घेईल, मी बोललो त्याच्याशी. तुम्ही एकच करा. पाणी तुंबलं की चर खोदू नका. मी येईपर्यंत हात लावू नका."

आमच्या लोकायले पाण्याले हात लावू नका म्हणणं म्हणजे आईले सांगणं, पोरगं रडलं तर उचलू नको.

"आन रोवणा बुडाला तर?" मी बायांतून विचारलं.

"एक साल बुडू द्या वयनी. मोठी मोरी झाली तर जन्मभर नाही बुडणार."

गावातले वडील केशोराव म्हणाले, "पोरगं बोलते ते खरं आहे." मनिरामनं मान हलवली. त्यानं मान हलवली म्हणजे गावानं हलवली.

श्रावणात पाणी लागलं ते झड लागून. बांधाच्या वरच्या अंगाले समुद्रच. आमच्या धानाच्या बांध्या गेल्या, केशोरावांच्या गेल्या. उमरावनं गोंदियाहून निरोप धाडला की शनिवारी उघाड पडली तर त्याच गाडीनं येतो. मधले दिवस कसे काढले ते आम्हीच जाणो. लोकं बांधाकडं जायचे, उकिडवे बसायचे, पाण्याकडं पाहायचे, घरी यायचे. कोणाले काम सुचेना. बाया उमरावले शिव्या देऊन राहिल्या, त्या मी इथं सांगत नाही, माह्या नातवंडायले पाठ होतील. मनिराम जेवेना. ताटापुढं बसून म्हणायचा, "कुंदा, शेंडे दिसून राहिले होते काल. आज नाही दिसत."

शनिवारी सकाळी उघाड पडली. मनिराम उठला, फावडं घेतलं आन म्हणाला, "जरा पाहून येतो."

"पाहायले फावडं कायले लागते?"

"तसंच आपलं. हातात असलं की बरं वाटते."

मी काही दूधखुळी नव्हती. पण माह्या डोळ्यापुढंही तेच शेंडे. मी घमेलं घेतलं आन मागं निघाली. आमचं पाहून रुख्मा निघाली, रुख्माचं पाहून तिचा नवरा, आन घटकाभरात अख्खं गाव फावडी, कुदळी, घमेली घेऊन बांधाखाली. पारावर दिलेला शब्द कोणाले आठवला नाही. आठवला असेल तर बोललं कोणी नाही. असे भिडलो की काय सांगू! चर मोकळी झाली, पाणी सळसळत मोरीकडं निघालं, रोवण्याचे शेंडे एकेक करून वर आले. लोकायच्या तोंडावर हसू. मनिरामनं तर पाण्यात उभं राहून आरोळी ठोकली.

आन गाडीची शिट्टी झाली.

बोलल्याप्रमाणे जागेश्वरनं वळणावर गाडी हळू घेतली. शेवटच्या डब्याच्या खिडकीतून माहा देवर कमरेपर्यंत बाहेर, आत शामकला त्याचा काष्टा धरून. त्यानं पाहिलं. पाणी नाही. चिखल, आन चिखलात गाव. फोटो काढून राहिला आहे हे कळताच आमचे शहाणे काय करतात? सगळे रांगेत उभे राहिले! मनिराम सगळ्यांपुढं, फावडं भाल्यासारखं रोवून, मिशीवर हात. केशोरावांनी कुदळ खांद्यावर घेतली. मी पदर सारखा केला, खोटं कायले बोलू?

"अरे, काय केलं रे हरामखोरांनो!" उमराव वरून ओरडला. मग त्यानं बटण दाबलं. गाडी निघून गेली.

करायले गेलो गणपती आन झाला मारुती. पुढं मी त्याले विचारलं, पाणीच नव्हतं तर फोटो कायले काढला? म्हणाला, "वयनी, वळणावर इंजिन असं अख्खं नजरेत आलं होतं, धूर मागं, ऊन बरोबर पितळावर. हात राहतो का?"

माही महाकाली ऐकणारी. याच्या जन्मातला एकुलता एक धड फोटो तोच आला. नंदलालनं धुतलेला फोटो हाती घेतला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला आन म्हणाला, "उमराव, आज तू फोटोग्राफर बना." एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. आन त्या शहाण्या नंदलालनंच तो फोटो दुकानाच्या काचेत, रस्त्यावरच्या लोकायले दिसेल असा लावला.

दिवस कोणते? बेचाळीसचा ऑगस्ट! ठिकठिकाणी लोकं रूळ उखडून राहिले, तारा कापून राहिले, पोलीस ज्याच्या-त्याच्या मागं. त्यात लढाई चालू म्हणून रेल्वेचा फोटो काढायचीच बंदी. आन इथं भर बाजारात काचेत टांगलेलं, रेल्वेच्या बांधाखाली फावडी-कुदळी घेतलेली फौज, वर हळू झालेली गाडी, आन पुढं मिशीवर हात मारणारा माहा नवरा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालेच.

पोलिसांच्या एका साहेबानं पाहिलं. दोघांले धरून नेलं. नंदलाल म्हणाला, "हुजूर, मैं तो सेठ लोगों का फोटो निकालता हूँ." त्याले सोडलं. उमरावले बसवलं.

"कौन हैं ये लोग? कौन सा गाँव?"

"मले काय माहीत हुजूर? गाडी चालते, गावं मागं जातात."

फोटोत चेहरे हरभऱ्याएवढे, ओळखू येत नव्हते. साहेबाले तेही समजत होतं. त्यानं हुकूम सोडला, "काँच की प्लेट लाओ. बड़ा करके छापो. एक-एक का मुँह देखूँगा." मोठा फोटो निघाला असता तर सगळं गाव आत गेलं असतं, आन सगळ्यात आधी मनिराम. त्या दिवसांत रूळ उखडणाऱ्याले काय शिक्षा होते हे गोंदियात पोरं-सोरंही जाणत होती.

शिपाई उमरावले घेऊन स्टुडिओत आला. उमराव त्याले म्हणाला, "जमादार, तुम्ही दाराशीच बसा. अंधाऱ्या खोलीत उजेड आला तर काच काळी पडेल, आन साहेब तुमची चामडी काढेल." शुद्ध थाप. धुतलेल्या प्लेटले उजेडानं काही होत नाही. शिपाई बिचारा बिडी ओढत बसला. आत शेठ लोकांच्या गालावरचे वण-पुटकुळ्या काढायचा बारीक चाकू होता. फोटोच्या काचेवरचा थर त्या चाकूनं खरवडला जाते. उमरावनं भिंग लावलं आन एकेक चेहरा खरवडायले बसला.

मी त्याले नंतर म्हटलं, "अरे उमऱ्या, आपटायची ना काच जमिनीवर! सुटला असता, हातातून पडली म्हणाला असता."

"इंजिन लय छान आलं होतं वयनी," म्हणाला. मग खाली पाहून म्हणाला, "आधी दादाचा खरवडला. मग तुमचा. रुख्माचा, केशोरावांचा. भिंगातून सगळे हसून राहिले होते. मी कवा कोणाले असं पाह्यलंच नव्हतं."

मोठा फोटो छापून साहेबापुढं ठेवला. इंजिन चकचकीत, नंबर वाचता येते, पितळावर ऊन. आन खाली रांगेत माणसं, प्रत्येकाच्या तोंडाच्या जागी काळा डाग.

"ये क्या है?" साहेब ओरडला.

"इंजन है हुजूर," उमराव म्हणाला.

त्या एका उत्तरानं त्याचा एक दात गेला. पुढं आणखी मारलं, ते त्यानं कधी सांगितलं नाही, पाठ पाहून मले कळलं. कॅमेरा गेला तो गेलाच. त्याले तुरुंगात टाकलं.

जागेश्वरले विचारलं तर तो म्हणाला, "मैं आगे देखता हूँ साहब, पीछे क्या होता है मुझे क्या मालूम." पोलीस रुळाच्या कडेनं पायी तपासत आमच्या गावी पोचले. ताजी चर दिसली. "किसने खोदा?" केशोराव हात जोडून म्हणाले, "पाण्यानं खोदलं जी साहेब. आमच्याकडचं पाणी मोठं द्वाड." झोडपलं त्यांनी लोकायले, पण कोणी बोललं नाही.

घरी मनिराम वेडा झाला. "मी जातो, सांगतो फावडं माहं होतं म्हणून. माह्यापायी माहा भाऊ आत." धोतर नेसून निघालाच होता. मी रडून राहिली. गोंदियाहून सगळं ऐकून आमच्याकडं आलेली शामकला दारात आडवी उभी राहिली. आयुष्यात मोठ्या दिराशी एक शब्द बोलली नव्हती, डोक्यावरचा पदर तसाच ठेवून भिंतीकडं तोंड करून बोलली, "बाई, त्यायले सांगा, तुम्ही गेलात तर या घरचे दोघंही भाऊ आत राहतील, आन त्यांनी चेहरे खरवडले ते फुकट जातील. माहा नवरा फुकट आत बसवायचा नाही मले." मनिराम उंबऱ्यावर बसला आन लहान पोरासारखा हमसून रडला.

आता गंमत पाहा. इतकी वर्षं पाया पडलो, तवा रेल्वेले पाणी दिसलं नाही. बांधाखाली ताजी चर दिसली तशी त्यांची तंतरली. बांध पोकळ झाला तर गाडी जाईल, आन पुढच्या पावसाळ्यात गावकऱ्यांनी बांधच कापला तर? उन्हाळ्यात मुकादम आला, दगड आले, चुना आला, आन अगदी आमच्या आज्यानं दाखवली असती त्या जागी मोठी मोरी झाली. वर तिच्यावर एक चौकीदार बसवला, कोणी तिले धक्का लावू नये म्हणून! आम्ही कायले लावतो धक्का? आम्ही तिची पूजा केली, नारळ फोडला. चौकीदारानंच खोबरं खाल्लं.

पुढच्या सालच्या रोवण्यात उमराव सुटला. वाळून काडी झालेला, दाढी वाढलेली, समोरचा दात नाही. मोरीतून पाणी धो धो वाहून राहिलं होतं, तलाव पाळीले टेकला होता. तो स्टेशनावरून पायीच आला आन अंगणात उभा राहिला. शामकला पायावर घालायले पाण्याचा लोटा घेऊन पुढं झाली. आमच्यात बाहेरून आलेल्याच्या पायावर पाणी घालते घरातली बाई, नाहीतर धाकटा भाऊ. मोठा भाऊ नाही घालत, जग हसते. मनिराम उठला आन शामकलेच्या हातातला लोटा त्यानं घेतला.

"दादा, हे काय करून राहिला?" उमराव मागं सरकला.

मनिराम खाली बसला. एक लोटा ओतला. मग घागर ओढली आन भरलेली घागर त्या चिखलाच्या पायांवर ओतत राहिला. पाणी अंगणभर, दारातून रस्त्यावर, गटारात.

"बस कर दादा," उमराव म्हणाला. "पाणी वाया चाललं."

"जाऊ दे," मनिराम म्हणाला.